स्टेशन जवळ, गाव दूर : मोफत विद्यापीठीय अभ्यासक्रमांचा प्रवास, वरठीहून पाहिलेला

आमच्या वरठीला रेल्वे स्टेशन आहे, पण त्यावर वरठीचे नाव नाही. पाटीवर 'भंडारा रोड' असे लिहिलेले आहे. मुंबई-हावडा मार्गावरचा एखादा नवखा प्रवासी हे नाव वाचून उतरतो आणि भंडाऱ्यात पोचलो असे समजतो. मग त्याला कळते की शहर अजून आठ-दहा किलोमीटर पुढे आहे. एकोणिसाव्या शतकात नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला, तो भंडारा शहर बाजूला ठेवून. आमच्याच जिल्ह्यात देव्हाडीचे स्टेशनही असेच 'तुमसर रोड' म्हणून ओळखले जाते. रेल्वेच्या भाषेत 'रोड' या शब्दाचा अर्थ एवढाच की, गाडी तुम्हाला इथपर्यंत आणून सोडेल, पुढचे तुमचे तुम्ही बघा.

मी इथल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. मालक पोलाद कारखान्यात पाळीवर जातात. वयाच्या पस्तिशीनंतर मी संगणकशास्त्र शिकायला सुरुवात केली. कुठल्या महाविद्यालयात नाव न घालता, देशातल्या नामवंत संस्थांनी मोफत खुल्या केलेल्या अभ्यासक्रमांवर. एकदा हरले, दुसऱ्यांदा जमले. पुढे माझ्या एका विद्यार्थिनीला मी त्याच वाटेवर धाडले आणि ती अर्ध्यातून परत आली, तेव्हा मला प्रथमच प्रश्न पडला की ही वाट नेमकी कुठून सुरू होते आणि कुठे संपते. या लेखात त्या वाटेचा इतिहास मांडला आहे. तो लिहिताना 'भंडारा रोड'ची पाटी सारखी डोळ्यांपुढे येत राहिली.

दुपारचे विद्यापीठ

मोफत विद्यापीठीय शिक्षणाची कथा सहसा २०११ च्या अमेरिकेतून सुरू करतात. आपल्याकडची कथा त्याहून बरीच जुनी आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट उपग्रहाच्या मदतीने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशभर एकाच वेळी दिसणारा हा वर्ग होता. त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. नव्वदीच्या सुरुवातीला, अकरावी-बारावीत असताना, मी भंडाऱ्याच्या घरी दुपारच्या वेळी हे कार्यक्रम पाहिले आहेत. पडद्यावर प्रयोगशाळा दिसे, आलेख दिसे, कुणीतरी अतिशय शुद्ध इंग्रजीत बोलत असे. मला त्यातले चित्र कळे, वाक्य कळत नसे. आजी विचारायची, "काय सांगते तो?" मी म्हणायची, "विज्ञान."

याच दशकाच्या शेवटी महाराष्ट्राने वेगळा मार्ग काढला. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले होते. पुढे ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आपल्यापैकी अनेकांनी गुणपत्रिकेवर वाचलेले असेल. या विद्यापीठाची एक गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. त्यांनी पुस्तके मराठीत तयार केली, आणि केवळ पुस्तके घरी पाठवून ते थांबले नाहीत. गावोगावच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे नेमली. सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी तरी बसलेले असे. अडले तर विचारायला एक माणूस होता. ज्ञानगंगेला घाट लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

त्या काळात संगणकशास्त्र मात्र अशा मार्गाने घरोघरी जाण्याजोगे नव्हतेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातला एक आद्य संगणक घडवला गेला, त्याला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' हे नाव दिले. पुढची पंचवीस वर्षे संगणक म्हणजे मोठ्या संस्थेच्या वातानुकूलित खोलीतली वस्तू होती. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्यात जन्मलेले विजय भटकर नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले आणि १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमधून त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम' महासंगणक बाहेर पडला, याचा आम्हा विदर्भवासीयांना अभिमान होता. पण प्रोग्रॅमिंग शिकायचे तर नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, हेही तितकेच खरे होते.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने गावागावात संगणकाची ओळख करून दिली. वरठीतही मुले-मुली, नोकरदार, गृहिणी फी भरून तो शिकल्या. त्याचे मोल मी कमी मानत नाही. मात्र त्यात संगणक वापरायला शिकवत, संगणकाला शिकवायला नाही. पत्र टाइप करणे आणि पत्र टाइप करण्याचे साधन लिहिणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच या दोन्हींत आहे.

शिक्षक कमी, महाविद्यालये जास्त

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. नागपुरात रामदेवबाबा आणि यशवंतराव चव्हाण ही दोन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९८४ मधली. दक्षिणेतल्या राज्यांतही असेच घडत होते. इमारती वर्षा-दोन वर्षांत उभ्या राहतात, शिक्षक तयार व्हायला वीस वर्षे लागतात. नव्वदीत संगणकशास्त्राची मागणी वाढली तेव्हा ही तफावत उघडी पडली. ज्याला विषय उत्तम येई तो कंपनीत जाई आणि वर्गात उभा राही तो अनेकदा कालच शिकून बाहेर पडलेला पदवीधर.

या दुखण्यावर उपाय म्हणून आयआयटींनी एकत्र येऊन जो प्रकल्प आखला, तो एनपीटीईएल. १९९९ मध्ये त्याची कल्पना पुढे आली आणि २००३ मध्ये केंद्र सरकारच्या पैशावर काम सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी आणि रुरकी या सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था असे आठ भागीदार होते. मद्रास आयआयटीचे तेव्हाचे संचालक एम. एस. अनंत आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक मंगला सुंदर कृष्णन यांनी त्याचे बरेच ओझे वाहिले. पहिल्या टप्प्यात स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या पाच शाखांचे मूळ विषय घेतले होते.

जगातही त्याच सुमारास वारे फिरत होते. अमेरिकेतल्या एमआयटीने एप्रिल २००१ मध्ये आपल्या सगळ्या अभ्यासक्रमांचे साहित्य मोफत खुले करण्याची घोषणा केली आणि सप्टेंबर २००२ मध्ये पहिले काही अभ्यासक्रम लोकांपुढे ठेवले. त्याच संस्थेतल्या हॅरॉल्ड एबलसन आणि जेराल्ड ससमन यांची प्रोग्रॅमिंगवरची प्रसिद्ध व्याख्याने १९८६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या कर्मचाऱ्यांसाठी चित्रित झाली होती. तीही पुढे सर्वांना खुली झाली. एका कंपनीच्या नोकरदारांपुरते असलेले ज्ञान काही वर्षांनी वरठीतल्या एका बाईच्या फोनवर दिसू शकले, ते या धोरणामुळे.

तरीही एमआयटी आणि एनपीटीईएल यांच्या हेतूत मला एक फरक दिसतो. एमआयटीने आपल्या घरात जे होते त्याचे दार उघडले. एनपीटीईएलने दुसऱ्यांच्या घरात जे नव्हते ते पुरवायचे ठरवले. त्यांचा पहिला श्रोता हा लहान गावातल्या महाविद्यालयातला विद्यार्थी, आणि त्याच्याइतकाच तिथला एकाकी, अननुभवी शिक्षक होता.

टपालाने आलेले वर्ग

२००८ च्या सुमारास ही व्याख्याने यूट्यूबवर आली. वरठीत तेव्हा यूट्यूब पाहणे म्हणजे दहा सेकंद चित्र आणि दोन मिनिटे फिरणारे चक्र. एनपीटीईएलला ही अडचण माहीत होती. म्हणून महाविद्यालयांना व्याख्याने हार्ड डिस्कवर भरून देण्याची सोय होती. एखाद्या ग्रंथालयाने पुस्तकांच्या पेट्या मागवाव्यात तसे ज्ञान खोक्यातून प्रवास करी. इंटरनेटच्या इतिहासात या खोक्यांची नोंद फारशी कुणी घेत नाही, पण २०११ मध्ये माझ्या घरी आलेली नक्कल अशाच एका डिस्कची होती. नागपुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने ती आणून दिली.

मी उत्साहाने दिल्ली आयआयटीच्या नवीन गर्ग यांची डेटा स्ट्रक्चर्सवरची व्याख्याने सुरू केली. रात्री मालकांची पाळी असेल तेव्हा वेळ मिळे, पण दिवे असतील याची खात्री नसे. तरी मी जिद्दीने बसे. चौथ्या व्याख्यानाला मी थांबले. मला वाटले, आपली बुद्धी कमी पडते. वय झाले, इंग्रजी कच्चे, गणित शिकवून शिकवून दहावीच्या पातळीवर अडकलेले डोके. डिस्क कपाटात गेली.

सात वर्षांनंतर कळले की अडचण वेगळीच होती. तो अभ्यासक्रम प्रोग्रॅमिंग येते असे गृहीत धरणारा होता. मला तर एकही प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. आधी पाहायला हवीत अशी, खरगपूरच्या पी. पी. चक्रवर्ती यांची 'प्रोग्रॅमिंग अँड डेटा स्ट्रक्चर' ही व्याख्याने त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये होती. महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला वेळापत्रकच सांगते की आधी काय आणि नंतर काय. माझ्याकडे सगळा अभ्यासक्रम होता, क्रम नव्हता. "बाई, आधी ते बघा" हे एक वाक्य सांगणारा माणूस नव्हता, म्हणून माझी सात वर्षे गेली.

दीड लाखांचा वर्ग

२०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम जगाला खुला केला. सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदवली आणि सुमारे २३,००० लोकांनी तो पूर्ण केला. पुढच्याच वर्षी अँड्र्यू इंग आणि डाफ्ने कोलर यांची कोर्सेरा आणि हार्वर्ड-एमआयटीची एडेक्स सुरू झाली. नुसती चित्रफीत आणि हा नवा प्रकार यांत फरक होता. आता दर आठवड्याला धडा येई, गृहपाठ असे, तो जमा करण्याची शेवटची तारीख असे आणि शेवटी परीक्षा. म्हणजे क्रम परत आला आणि धाकही.

आपल्याकडे मार्च २०१४ मध्ये एनपीटीईएलने असा पहिला अभ्यासक्रम दिला, आणि विषय प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स व अल्गोरिदम हाच होता. त्याच वर्षी मुंबई आयआयटीने एडेक्सवर प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम आणला. तो शिकवणारे दीपक फाटक इंदूरच्या महाविद्यालयातून अभियंता झाले आणि १९७१ पासून मुंबई आयआयटीत शिकवत होते. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फाटकांनी त्याआधीच एक मोठे काम हाती घेतले होते. देशभरच्या महाविद्यालयांतल्या हजारो शिक्षकांना, त्यांच्या जवळच्या केंद्रात बसवून, मुंबईहून थेट प्रक्षेपणाने शिकवायचे. त्यामागचा हिशेब साधा होता. विद्यार्थ्यापाशी आपण पोचू शकत नसलो, तर त्याच्याजवळ जो माणूस आहे त्याला तयार करा. नाशिकच्या अभ्यासकेंद्रांमागचा विचारच इथे वेगळ्या वेषात दिसतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाईलवरचा डेटा एकाएकी स्वस्त झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरण्याचा नियम केला. ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'स्वयम्' सुरू झाले. वेग, मान्यता आणि मंच या तीनही गोष्टी वर्षभरात जुळून आल्या. शिकणे मोफत, प्रमाणपत्र हवे असेल तर साधारण हजार रुपये भरून नेमलेल्या केंद्रात जाऊन परीक्षा द्यायची, अशी रचना होती.

२०१८ मध्ये मी पुन्हा नाव नोंदवले. या वेळी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथॉनमधला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडला. व्याख्यान फोनवर पाहायचे आणि प्रोग्रॅम जुन्या डेस्कटॉपवर लिहायचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'मर्ज सॉर्ट' आला आणि मी एकटीच हसले, कारण ते काम मी दर सहामाहीला करत आले होते. ६४ उत्तरपत्रिका हजेरी क्रमांकाने लावायच्या आहेत. एकेक उचलून योग्य जागी सरकवत गेले तर वाईटात वाईट स्थितीत २,०१६ वेळा दोन क्रमांकांची तुलना करावी लागते. त्याऐवजी दोन-दोनच्या जोड्या लावा, जोड्यांचे चार-चारचे गठ्ठे करा, लावलेले दोन गठ्ठे समोर ठेवून वरचा लहान क्रमांक उचलत जा. सहा फेऱ्यांत, जास्तीत जास्त ३२१ तुलनांत काम संपते. ही युक्ती जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये संगणकासाठी मांडली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तिला नाव नव्हते एवढेच. सात वर्षांपूर्वी ज्या विषयासमोर मी स्वतःला मंद ठरवले, त्याचा एक तुकडा माझ्या हातात आधीपासून होता.

परीक्षेला सकाळच्या गाडीने नागपूरला गेले. केंद्रावर सगळी विशी-बाविशीची मुले होती. एका मुलाने मला पर्यवेक्षक समजून विचारले, "मॅडम, बॅग कुठे ठेवू?" मी माझी जिथे ठेवली होती ती जागा दाखवली. उत्तीर्ण झाले, आणि मला वाटले, रस्ता सरळ आहे, मीच उगाच घाबरले होते. हा माझा गैरसमज होता, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागली.

सर थांबत नाही

२०२० च्या टाळेबंदीत माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली. बारावी विज्ञान झालेली, वडिलांची दोन एकर धानाची शेती, घरात एकच फोन आणि तो आईच्या नावावर. तिला प्रोग्रॅमिंग शिकायचे होते. मी तिला व्याख्यानांचा दुवा पाठवला आणि म्हटले, "सगळे मोफत आहे, सगळे उत्तम आहे. रोज एक बघ." मनात समाधान वाटले की चला, एका मुलीचे काम झाले.

दिवाळीच्या आधी भेटली तेव्हा तिने सोडून दिले होते. मी जरा रागावूनच कारण विचारले. ती म्हणाली, "मॅडम, सर थांबत नाही." मी म्हटले, "अगं, व्हिडिओ थांबवता येतो." ती म्हणाली, "व्हिडिओ थांबवता येते, सर थांबत नाही. मले जिथं समजत नाही तिथं ते पुढं जातात, अन् मले वाटते बाकी सगळ्यायले समजलं."

त्या रात्री मला २०११ ची डिस्क आठवली. मी जे सात वर्षे भोगले होते तेच मी तिच्या पदरात टाकले होते, आणि वर 'मोफत आहे' असे म्हणून तिच्या अपयशाची जबाबदारीही तिच्यावरच टाकली होती. शाळेची फी नसेल आणि मूल नापास झाले, तर दोष मुलाचाच असे आपण चटकन म्हणतो. मोफत या शब्दात ही एक क्रूर बाजू दडलेली आहे.

मग आम्ही दोघी बसू लागलो. मुंबई आयआयटीचे अभिराम रानडे यांचा सी प्लस प्लसचा अभ्यासक्रम मी निवडला, कारण त्यांनी नवशिक्यांसाठी एक सुंदर सोय केली आहे. पहिल्याच धड्यात पडद्यावर एक कासव येते. त्याला १०० पावले पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ, असे चार वेळा कर म्हटले की चौरस तयार होतो. एमआयटीचे सेमूर पेपर्ट यांनी मुलांसाठी केलेल्या लोगो भाषेतल्या कासवाचा हा वंशज. मुलीकडे संगणक नव्हता. ती चौकटीच्या वहीवर स्वतःच कासव झाली. पाच टोकांची चांदणी काढायला किती अंश वळायचे हे तिने रात्रभर डोके खाजवून शोधले : १४४. पाच वेळा वळले की ७२० होतात, म्हणजे कासव स्वतःभोवती दोन पूर्ण फेऱ्या मारते. हे तिने मला समजावून सांगितले तेव्हा तिने अजून एकदाही कळफलकाला हात लावला नव्हता.

एकदा तिने विचारले, "मॅडम, कॉम्प्युटरले इंग्रजी येते का?" मी थबकले. खरे उत्तर आहे, नाही. त्याच्या लेखी प्रोग्रॅममधले इंग्रजी शब्द म्हणजे ठरलेल्या खुणा आहेत. आमच्या मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोसा विणणाऱ्या कारागिराच्या नक्षीतही अशाच खुणा असतात. इंग्रजी येत नाही म्हणून संगणक कुणाला नापास करत नाही. ते काम प्रश्नपत्रिका करते. २०२२ मध्ये तिने रोपडच्या आयआयटीचे सुदर्शन अय्यंगार यांच्या पायथॉन अभ्यासक्रमाची परीक्षा दिली. गृहपाठात २५ पैकी २२ मिळाले होते, लेखी परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवे होते, तिला २७ पडले. परत येताना गाडीत ती एवढेच म्हणाली, "कोड बरोबर वाचला मॅडम, प्रश्न चुकीचा वाचला."

मराठीची वाट

भाषेचा हा अडसर ओळखून काम करणारे लोक आपल्याकडे होते, हे इथे नोंदवायला हवे. मुंबई आयआयटीतले रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा केला. २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती-संवाद तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून त्याला पैसा मिळाला. रचना अगदी साधी आहे. साधारण दहा मिनिटांची फीत, त्यात संगणकाचा पडदा आणि त्यावर काय चालले आहे ते सांगणारा आवाज. पडदा तोच ठेवून आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. फीत थोडी पाहायची, थांबवायची, शेजारी तेच करून पाहायचे. इंटरनेट नसले तरी चालते. लिनक्स, सी, पायथॉन, कितीतरी विषय त्यात आहेत. मोठ्या प्राध्यापकाच्या तासाचे तेज त्यात नाही, पण एखादी ताई शेजारी बसून दाखवते तसे ते वाटते.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरू केली. त्याच वर्षी मुंबई आयआयटीत गणेश रामकृष्णन यांच्या पुढाकाराने 'उडान' हा पाठ्यपुस्तकांच्या भाषांतराचा प्रकल्प जाहीर झाला. एनपीटीईएलच्या व्याख्यानांचे मराठी लिखितही मिळू लागले आहे. भाषांतर यंत्राने केलेले असेल तर ते वाचताना कधी ठेच लागते, पण ठेचकाळत का होईना, चालता येते.

ओसरीवरचे अभ्यासकेंद्र

२०२२ च्या निकालानंतर मी रविवारी दुपारी ओसरीवर वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे एक डेस्कटॉप, एक जुना लॅपटॉप आणि सात मुले-मुली. नियम एकच, व्याख्यान सगळ्यांनी एकत्र पाहायचे आणि कुणीही हात वर केला की थांबवायचे. पहिल्या रविवारी वीस मिनिटांच्या व्याख्यानाला दोन तास लागले. जो हात वर करी त्याला दिसे की आणखी तिघांचे हात वर यायच्या बेतात होते. 'बाकी सगळ्यांना समजले' हा भ्रम तिथेच संपला. आषाढात रोवणी लागली तेव्हा चौघे येईनासे झाले. रोवणी संपल्यावर दोघे परत आले, दोघे आले नाहीत. म्हणून मी पुढच्या वर्षी आषाढातले चार आठवडे वर्ग बंदच ठेवला. दूरच्या संस्थेचे वेळापत्रक धानाला विचारून होत नाही, ओसरीचे होऊ शकते.

त्या मुलीने २०२३ मध्ये पुन्हा परीक्षा दिली. आधी आम्ही महिनाभर जुन्या प्रश्नांतली फक्त इंग्रजी वाक्ये वाचत होतो. 'अपवाद वगळता', 'असेलच असे नाही' अशी वळणे कुठे लपतात ते शोधत होतो. ती उत्तीर्ण झाली. आज ती नागपुरात एमसीए करते. सुट्टीत आली की ओसरीवर बसते आणि तिच्यापेक्षा लहान मुलांना चांदणीचा कोन स्वतः शोधायला लावते. उत्तर सांगत नाही.

एका घरातल्या अनुभवावरून देशाविषयी निष्कर्ष काढणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही, हे मला कळते. पण वर मांडलेला चाळीस वर्षांचा क्रम पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. १९८४ मध्ये उपग्रहाने वर्ग घराघरात आणला, पण अडले तर विचारायचे कुणाला याचे उत्तर त्यात नव्हते. १९८९ मध्ये नाशिकने ते उत्तर अभ्यासकेंद्राच्या रूपाने दिले. पुढच्या प्रत्येक तंत्राने वेग वाढवला, खर्च कमी केला आणि दर वेळी तेच उत्तर विसरले गेले. मग कुणीतरी ते नव्याने शोधले : फाटकांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणात, मौदगल्यांनी शेजारी बसल्यासारख्या आवाजात, एनपीटीईएलने महाविद्यालयांतल्या आपल्या स्थानिक शाखांत. ज्याला महाविद्यालय आहे त्याला ती शाखा मिळते. ज्याला नाही, त्याच्यासाठी गावानेच काही करायला हवे.

ते फार अवघड नाही. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक संगणक, स्पोकन ट्युटोरियलच्या मराठी फिती आणि रविवारी दोन तास देणारा एक माणूस एवढे पुरे. तो माणूस तज्ज्ञ असण्याची गरज नाही. आधी काय पाहायचे हे त्याला माहीत असावे, हात वर झाला की थांबावे आणि 'मलाही हे पहिल्यांदा समजले नव्हते' असे सांगता यावे. आयआयटीचे प्राध्यापक व्याख्यान देऊ शकतात, हे वाक्य आपल्या गावातलाच माणूस देऊ शकतो.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, दंडार होते, बाहेरगावी गेलेली पोरे घरी येतात. या वर्षी मंडईच्या दुसऱ्या दिवशी, रविवार असल्यामुळे, ओसरीवर वर्ग आहे. नवीन तीन मुले येणार आहेत असा निरोप आहे. त्यातला एक भंडाऱ्याचा आहे. तो सायकलीने येणार म्हणाला. मी त्याला सांगितले, स्टेशनपर्यंत ये, तिथे कुणीतरी घ्यायला येईल.